मुंबईचं पाणी किती दिवस शहापूर-वाड्यातून आणायचं? गारगाई धरणाआधी काय काय करता येईल

भांडुपकर

मुंबईच्या पाण्यासाठी होऊ घातलेल्या गारगाई धरणाच्या बातम्या परत चालू झाल्यात आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे खूश, चला आता पाण्याचा प्रश्न मिटला म्हणून. मला काही ते पटत नाहीये त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय, लांबलंय, वेळ काढून वाचा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, त्यातले मुंबईच्या हद्दीत फक्त दोन, विहार आणि तुळशी. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, आणि आज दोघं मिळून शहराच्या गरजेच्या तीन टक्केसुद्धा पाणी देत नाहीत. बाकी सगळं बाहेरून येतं. तानसा १८९२, मोडकसागर १९५७, मग अप्पर वैतरणा, भातसा आणि शेवटचं २०१४ चं मध्य वैतरणा. ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतलं पाणी पाइप आणि बोगद्यांतून आपल्या नळाला येतं. एकटं भातसाच जवळपास निम्मं पाणी देतं. सगळं मिळून रोज ३,९०० एमएलडीच्या आसपास (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर), आणि गरज साडेचार हजारच्या घरात आहे असं पालिका सांगते.

आता गारगाईतून मिळणार ४४० एमएलडी. त्यासाठी वाडा तालुक्यात ओगद्याजवळ धरण, तानसा अभयारण्यातलं जंगल पाण्याखाली, लाखांनी झाडं, आदिवासींची गावं उठणार. आणि दुसरीकडे याच शहरात आणलेल्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा गळती, चोरी आणि बिनहिशेबात जातो. तिसरा हिस्सा म्हणजे १,३०० एमएलडी, म्हणजे तीन गारगाई!! ते पाणी आणून झालंय, शुद्ध करून झालंय, आणि मग जातंय.

आणि वापरलेलं पाणी? ते गटारातून जाऊन थोड्याफार प्रक्रियेनंतर समुद्रात. वरळी आणि वांद्र्याहून तर साडेतीन किलोमीटर आत पाइप नेऊन सोडतो आपण. शंभर किलोमीटरवरून आणलेलं पाणी एकदा वापरायचं आणि समुद्राला द्यायचं, मग पुढच्या धरणासाठी जंगल शोधत बसायचं, हे किती वेळा करणार?

माझं म्हणणं एवढंच की पुढचं धरण बांधायच्या आधी शहराने स्वतःचं सांडपाणी आणि स्वतःची गळती हे दोन "तलाव" मोजायला घ्यावेत. इथे या क्षेत्रातले लोक आहेत, बोला.

शहापूरची_लेक

धागा काढलात बरं झालं. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, त्यामुळे हा विषय आला की शांत बसवत नाही.

तानसा, भातसा, मोडकसागर सगळं आमच्या आजूबाजूला. मुंबईच्या मोठमोठ्या पाइपलाइन आमच्या रस्त्याकडेने जातात, लहान असताना आम्ही त्याच्यावर चढून चालायचो. आणि एप्रिल-मे आला की पाड्यावर टँकर. टँकर येतो तो विहिरीत रिकामा करतात, मग सगळ्या बायका एकदम दोर टाकतात, पाणी गढूळ होतं, मागे राहिलेल्या बाईच्या हंड्यात चिखल येतो. टँकर चुकला तर नदीच्या पात्रात खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट बघायची आणि वाटीने भरायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते ज्याने भरलाय त्यालाच माहीत.

लोक म्हणतात धरण उशाशी मग पाणी का नाही. कारण धरण खाली आणि पाडे वर डोंगरावर, आणि धरणातलं पाणी कुणाच्या नावावर लिहिलंय ते आधीच ठरलेलं. भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आमच्याकडे कित्येक वर्षं ऐकतोय. मुंबईचा बोगदा डोंगर फोडून वेळेत पूर्ण होतो, आमच्या पाड्याची टाकी मात्र बांधून कोरडी पडून राहते.

गारगाई झालं तर वाड्याच्या लोकांचंही हेच होणार. मुंबईला पाणी देऊ नका असं नाही म्हणत मी, माझं सासर मुंबईतच आहे आणि मीही तेच पाणी पिते. पण जिथून आणता तिथल्या माणसाला आधी.

जुना_वॉटरवर्क्सवाला

मी पाणी खात्यात नोकरी केलेली आहे, आता रिटायर आहे. धागाकर्त्याची कळकळ पटते पण १,३०० एमएलडी गळती थांबली की तीन गारगाई मिळतील हे गणित इतकं सरळ नाही, ते नीट सांगतो.

तो जो तिसरा हिस्सा आहे त्याला गळती म्हणू नका, "बिनहिशेबी पाणी" म्हणा. त्यात खरी गळती आहे, बेकायदा जोडण्या आहेत, बंद पडलेले मीटर आहेत, आणि मोजमाप न होता वस्त्यांमध्ये जाणारं पाणीही आहे. शेवटच्या दोन प्रकारांत पाणी माणसंच पितायत, फक्त त्याचं बिल होत नाही. म्हणजे सगळं थांबवलं तरी सगळं हातात येणार नाही.

आणि खरी गळती शोधणं म्हणजे काय ते पण ऐका. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येतं. चावीवाला येऊन एका भागाची चावी (पाइपचा व्हॉल्व्ह) खोलतो, तिथलं झालं की बंद करून पुढच्या भागाची. गळती शोधायची तर पाइपमध्ये प्रेशर हवं, म्हणजे ज्या दोन-तीन तासांत पाणी चालू आहे तेव्हाच, आणि आजूबाजूला ट्रॅफिक नको म्हणजे रात्रीच. लोखंडी रॉड पाइपवर टेकवायचा, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि आवाज ऐकायचा. आता मशीन आलीत, तरी अनुभवी कान लागतोच. आवाज आला म्हणून खणायचं, तर त्याच पट्ट्यात इलेक्ट्रिकची केबल, गॅसची लाइन, टेलिफोन, खाली पावसाळी गटार. काही पाइप ब्रिटिशांच्या काळातले, नकाशावर एक जागा आणि जमिनीत भलतीच. त्यात पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पहिली पाच मिनिटं पिवळं पाणी येतं अशा तक्रारी ज्या असतात त्यातल्या बऱ्याच याच्यामुळे.

त्यामुळे गळतीवर काम झालंच पाहिजे, पाण्यासाठी तर झालंच पाहिजे आणि आरोग्यासाठी त्याहून जास्त. पण ते चिकाटीचं, दरवर्षीचं काम आहे, एका टेंडरने होत नाही. धरणाची फीत कापता येते, गळती बंद केल्याचा फोटो येत नाही, म्हणून ते कायम मागे राहतं.

दुसरं, सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो १४.४७ लाख दशलक्ष लिटर. आजच्या पुरवठ्याने भागा, साधारण एक वर्ष निघतं. बाष्पीभवन धरा, म्हणजे वर्षभर जेमतेम. पाऊस तीन आठवडे लांबला की धाबं दणाणतं. २०२४ च्या जूनमध्ये दहा टक्के कपात होती आणि भातसा, अप्पर वैतरणाच्या राखीव साठ्याला हात लावायची वेळ आली होती. त्यामुळे ज्यांना नवीन धरण हवंय ते काही वेडे नाहीत, त्यांनी जूनमधल्या त्या रात्री काढल्यात.

भांडुपकर

वॉटरवर्क्सवाले काका, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. बिनहिशेबी पाण्याचा मुद्दा मान्य. मग सांडपाण्याचं काय?

गच्चीवरचा_पाऊस

सांडपाण्याच्या आधी पावसाचं बोला की! मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरची गच्ची असेल तर वीस लाख लिटरच्या वर पाणी एका बिल्डिंगवर. २००२ पासून मोठ्या प्लॉटच्या नव्या बिल्डिंगना रेन वॉटर हार्वेस्टिंग कंपल्सरी आहे. आमच्याकडे गच्चीचे पाइप फिल्टरमधून रिंगवेलला (कड्यांच्या विहिरीला) जोडलेत, आणि जे जोडलंय ते साफ पण करतो, बऱ्याच ठिकाणी ओसी (राहायला जायचा दाखला) मिळाली की तो खड्डा कचऱ्याने भरतो. सगळ्या बिल्डिंगनी मनापासून केलं तर बाहेरच्या पाण्याची गरज किती कमी होईल!

जुना_वॉटरवर्क्सवाला

तुमचं काम चांगलं आहे, चालू ठेवा. पण एक अडचण लक्षात घ्या. पाऊस पडतो चार महिने, आणि त्याच महिन्यांत तलाव भरत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही गच्चीचं पाणी वापरून पालिकेचं पाणी वाचवलंत आणि तिकडे मोडकसागर, तानसा ओसंडून वाहतायत, तर तुम्ही वाचवलेलं पाणी सांडव्यावरून गेलं. वर्षभरासाठी वीस लाख लिटर साठवायची टाकी कुठल्याही सोसायटीकडे नाही.

त्याचा खरा फायदा जमिनीत मुरवण्यात आहे. विहीर, बोअरला पाणी राहिलं तर ते मार्च ते मे मध्ये फ्लशला, गाड्या धुवायला, बागेला वापरता येतं, तेव्हा वाचलेला प्रत्येक लिटर तलावात राहतो. समुद्राला लागून असाल तर पाणी खारं लागतं, तिथे मुरवल्याने खारेपणा थोडा मागे हटतो. आणि भरतीच्या वेळी रस्त्यावर जाणारं पाणी कमी होतं हा वेगळा फायदा. म्हणून पावसाचं पाणी हवंच, पण ते भातसाची जागा घेणार नाही.

सांडपाणी मात्र बारा महिने तेवढंच येतं. पाऊस असो नसो. मला विचाराल तर मुंबईच्या हद्दीतला सगळ्यात भरवशाचा तलाव तोच.

ट्रॉम्बेकर

सगळे सोसायटी आणि गच्चीचं बोलतायत म्हणून वस्तीतलं लिहितो. कागदावर बिल्डिंगवाल्याला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीला ४५ लिटर. ते ४५ पण लाइनच्या टोकाला येत नाही. आमच्याकडे पहाटे पाणी येतं, मोटर लावणारे ओढून घेतात, बाकीच्यांना करंगळीएवढी धार. मग ड्रमने विकत घ्या. बिल्डिंगवाला हजार लिटरला सहा-सात रुपये भरतो, आमच्याकडे एका ड्रमला त्याच्या कितीतरी पट जातात. त्यामुळे "मुंबईकर पाणी फार वापरतात" असं सरसकट म्हणू नका. मुंबई एक नाहीये.

सांडपाण्याबद्दल एक चांगली गोष्ट आमच्याच भागातली. चेंबूरची आरसीएफ बऱ्याच वर्षांपासून शहराचं सांडपाणी घेऊन शुद्ध करून खत कारखान्यात वापरते. तेवढं चांगलं पाणी लोकांसाठी सुटतं. हे होऊ शकतं हे आम्ही रोज बघतोय, मग बाकीच्या ठिकाणी का नाही?

नागपुरी_संत्रं

+१ ट्रॉम्बेकर. आमच्याकडचं उदाहरण याच्याहून मोठं आहे. नागपूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः पेंचहून येतं, आणि कोराडीच्या वीज केंद्रालाही कूलिंगसाठी प्रचंड पाणी लागायचं. मग महापालिका आणि महाजेनको (राज्याची वीजनिर्मिती कंपनी) यांनी मिळून भांडेवाडीला प्लांट केला, तिथलं शुद्ध केलेलं सांडपाणी १३० एमएलडी कोराडीला जातं. शहराला सांडपाण्याचे पैसे मिळतात, आणि वीज केंद्राला भर उन्हाळ्यात पाणी मिळायची खात्री कारण शहर रोज आंघोळ करणारच 🙂 पिण्याच्या पाण्यात मिसळायचं की नाही हा वाद नंतर घाला ना, आधी कारखाने, रेल्वेची यार्डं, बांधकामं, बागा इथे तर द्या. नवी मुंबईने पण ऐरोली आणि कोपरखैरण्याला असे प्लांट केलेत, तिथलं पाणी एमआयडीसीला जातं.

भांडुपकर

हेच मला म्हणायचं होतं. मुंबईत आता वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड, वर्सोवा अशी सात नवी सांडपाणी केंद्रं होतायत, एकूण २,४६४ एमएलडी, २०२२ पासून कामं चालू आहेत. त्यातल्या अर्ध्या पाण्यावर आणखी एक पायरी जास्त शुद्धीकरण करायचं ठरलंय. अर्धं म्हणजे बाराशेच्या वर. धारावी-घाटकोपरचं पाणी बोगद्यातून भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात आणायचा प्रस्तावही आहे. पण घ्यायला गिऱ्हाईक आणि न्यायला वेगळी पाइपलाइन नसेल तर ते बाराशे एमएलडी छान स्वच्छ होऊन समुद्रातच जाणार! प्लांटबरोबरच कुठल्या भागात कोणाला किती द्यायचं याचा नकाशा आत्ताच झाला पाहिजे, रस्ते काँक्रीट करून झाल्यावर परत खणायला कोण परवानगी देणार?

सॅन_डिएगोवासी

बरीच वर्षं इथे दक्षिण कॅलिफोर्नियात आहे, तुमची चर्चा वाचून राहवलं नाही, कारण इथली गोष्ट फारच जवळची आहे.

सॅन डिएगो काउंटीचं १९९१ साली ९५ टक्के पाणी एकाच संस्थेकडून, लॉस एंजेलिसच्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टकडून यायचं, म्हणजे मुळात कोलोरॅडो नदीचं आणि उत्तर कॅलिफोर्नियाचं. दुष्काळ पडला, त्या संस्थेने ३१ टक्के कपात केली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. मग त्यांनी एकावर अवलंबून राहायचं नाही असं ठरवून सगळीकडून हातपाय हलवले. २००३ मध्ये इम्पिरियल व्हॅलीतल्या शेतकऱ्यांशी करार केला, शेतीत पाणी वाचवायचा खर्च शहराने द्यायचा आणि वाचलेलं पाणी शहराने घ्यायचं. कालव्यांना अस्तर घातलं, तेच गळणारं पाणी मिळवलं. २०१५ ला कार्ल्सबादला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट, रोज साधारण १९० एमएलडी, म्हणजे तुमच्याकडे मनोरीला होऊ घातलेल्या २०० च्या प्लांटएवढाच. लोकांनी घरात पाणी वापरणंही खूप कमी केलं.

पण बिलं भरपूर वाढली. कार्ल्सबादचा करार असा की पाणी लागो न लागो, ठरलेलं विकत घ्यावंच लागतं, आणि इकडे मागणी घटली. त्यामुळे आता जास्तीचं पाणी कोणाला विकता येईल याची बोलणी चालतात. त्यामुळे मोठा महागडा प्रोजेक्ट करायच्या आधी स्वस्त गोष्टी संपवा हे मी इथे राहून सांगतो.

शेजारच्या ऑरेंज काउंटीत सांडपाणी इतकं शुद्ध करतात की ते जमिनीत मुरवून परत पिण्यासाठी उपसतात. २००८ ला सुरू केलं, टप्प्याटप्प्याने वाढवत २०२३ पासून रोज ४९० एमएलडीच्या आसपास. भांडुपकर, हे एकटं तुमच्या गारगाईहून जास्त आहे बघा. सॅन डिएगोत नव्वदच्या दशकात असाच प्रकल्प "संडासातून नळात" म्हणून लोकांनी हाणून पाडला होता. ऑरेंज काउंटीवाल्यांनी मात्र बांधायच्या कितीतरी आधी लोकांमध्ये जाऊन समजावलं, प्लांट बघायला बोलावलं, आजही शाळेच्या सहली जातात आणि शेवटी ग्लासात तेच पाणी प्यायला देतात. आपल्याकडे लोकांना विचारणं सगळ्यात शेवटी येतं.

मनोरीचा_वारा

मनोरीचा विषय निघालाच आहे तर. समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरला तीन-चार युनिट वीज लागते. २०० एमएलडीला रोज सात लाख युनिटच्या आसपास झाली. उलट वैतरणा, तानसाचं पाणी बहुतांश उताराने येतं, म्हणून तर आपल्याला इतकं स्वस्त पडतं. आणि उरलेलं दुप्पट खारं पाणी परत किनाऱ्याला सोडणार, मासेमारी करणाऱ्या कोळ्यांना त्याची काळजी वाटते ती रास्त आहे. त्यांना अहवाल मराठीत करून द्या, पाणी कुठे सोडणार ते दाखवा. मी प्रकल्पाच्या पूर्ण विरोधात नाही. पाऊस पूर्ण दगा देईल त्या वर्षी समुद्र तरी असेलच. पण तो शेवटचा उपाय आहे.

मीरारोडकर

फक्त मुंबईचा विचार करू नका एवढंच. मीरा-भाईंदर, वसई-विरार सगळे त्याच डोंगरांकडे बघतायत. डहाणूकडच्या सूर्या धरणातून ४०३ एमएलडीची योजना झाली, १८५ वसई-विरारला आणि २१८ आमच्याकडे. पालघरच्या लोकांनी त्यावर किती आंदोलनं केली, त्यांच्या शेतीचं पाणी होतं ते. प्रत्येक महापालिका स्वतःची पाइपलाइन टाकते, सगळ्या एमएमआरचा (मुंबई महानगर प्रदेशाचा) एक हिशेब कोणीच मांडत नाही. कोणाकडे किती सांडपाणी, कोणाला किती कारखाने, कोणाचं धरण कोणत्या गावाच्या वाट्याचं, हे एका टेबलावर आलं पाहिजे.

शहापूरची_लेक

मीरारोडकर, त्या टेबलावर एक खुर्ची आमच्या ग्रामपंचायतींची पण ठेवा. कॅलिफोर्नियात शेतकऱ्यांशी करार करून पैसे दिले असं वर वाचलं. आमच्याकडे धरण होताना जमिनीचे पैसे एकदाच मिळाले, तेही आजोबांच्या काळात, त्यानंतर दरवर्षी पाणी जातंय त्याचं काय? मुंबईच्या प्रत्येक पाणीबिलातला छोटासा हिस्सा धरणाच्या तालुक्यांच्या नळयोजनांना दरवर्षी कायद्याने जायला हवा. मग बघा पाड्यावर पाणी येतं का नाही.

भांडुपकर

ताई, १०० टक्के अनुमोदन. मी महिन्याला चार पैसे जास्त द्यायला तयार आहे, आणि आमच्या ग्रुपवर हा मुद्दा आजच टाकतो.

गच्चीवरचा_पाऊस

काकांचा मुद्दा पटला, आम्ही पावसाळ्यात टाकीत भरून फ्लशला वापरत होतो, आता मुरवण्यावर जोर देऊ. एक विचारायचं होतं, आमची बिल्डिंग जुनी आहे, गच्चीवर फ्लशची टाकी वेगळी आहे पण कोणीतरी मधे ती आणि पिण्याच्या पाण्याची अशा दोन्ही टाक्या जोडून टाकल्यात. परत वेगळ्या करता येतील का?

जुना_वॉटरवर्क्सवाला

येतील. जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लशची टाकी आणि तिचे खाली येणारे पाइप वेगळेच असायचे, ते अजून तसेच असणार. आधी प्लंबरला गच्चीवर नेऊन दोन टाक्यांमधला जोड शोधा, तिथे नुसती चावी लावून भागणार नाही, चावी कोणीही खोलतं, जोड कापून दोन्ही तोंडं बंद करायला सांगा. मग फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकून प्रत्येक घरात स्वयंपाकघराचा नळ सोडून बघा, रंग आला तर मधे अजून कुठेतरी जोड आहे. रिंगवेलचं पाणी तपासून घ्या, आणि त्या टाकीवर मोठ्या अक्षरात "पिण्याचे पाणी नाही" असं रंगवा. मे महिना संपायच्या आत करा, पहिल्या पावसाआधी गच्ची झाडून घ्या आणि पहिले एक-दोन पाऊस फिल्टरमध्ये न घेता बाहेर सोडा.